हरित हायड्रोजन आणि लोकशिक्षण : आर्णी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

हायड्रोजन हे भविष्यातील स्वच्छ इंधन आहे, असे विधान वृत्तपत्रांतून, भाषणांतून आणि शासकीय घोषणांतून वारंवार केले जाते. हायड्रोजन जळताना धूर होत नाही, एवढ्या अर्थाने ते खरे आहे. परंतु तो वायू कशापासून आणि कोणती वीज वापरून तयार केला हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहते. प्रस्तुत लेखात हायड्रोजनचे गुणधर्म, त्याच्या निर्मितीच्या पद्धती, महाराष्ट्रात झालेले प्रयत्न आणि सुरक्षिततेचे प्रश्न यांचा परिचय करून दिला आहे. तसेच यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यासारख्या कापूस उत्पादक भागात या विषयाचे लोकशिक्षण कसे असावे, याचे विवेचन केले आहे. खत, पऱ्हाटी, पाणी आणि वीज या चार परिचित गोष्टींच्या आधारे हा विषय सामान्य माणसापर्यंत नेता येतो, अशी लेखाची मांडणी आहे.

बीजसंज्ञा : हरित हायड्रोजन, विद्युत अपघटन, इंधन घट, अमोनिया, पऱ्हाटी, लोकशिक्षण.

१. प्रस्तावना

यवतमाळच्या दक्षिणेस, अरुणावती नदीच्या काठी वसलेले आर्णी हे तालुक्याचे गाव नागपूर–तुळजापूर महामार्गावर आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील मुख्य पिके होत. औद्योगिक शहरांपासून दूर असलेल्या अशा गावाचा हायड्रोजनसारख्या नव्या तंत्रज्ञानाशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा संबंध जुना आहे. शेतात पडणारा युरिया हायड्रोजनशिवाय तयार होत नाही आणि यात्रेत मुलांच्या हातात येणारा गॅसचा फुगा अनेकदा हायड्रोजननेच भरलेला असतो. म्हणजे हायड्रोजन येथे केव्हाच पोचला आहे. त्याविषयीची माहिती मात्र पोचलेली नाही.

वस्तू आधी आणि माहिती नंतर, या क्रमाची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. औषधाच्या डब्यावर सूचना छापलेल्या होत्या. परंतु बारीक अक्षरातील त्या सूचना फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था नव्हती. नवे तंत्रज्ञान येण्यापूर्वी त्याचे ज्ञान लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या कामाशी जोडून पोचले पाहिजे, हा त्या घटनेचा धडा आहे. हायड्रोजनच्या बाबतीत अजून वेळ आहे, म्हणूनच हा विषय आता विचारात घेणे उचित ठरते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. हा पैसा सार्वजनिक आहे. त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांना लागणारी जमीन, पाणी आणि वीज हीदेखील समाजाचीच साधने आहेत. तेव्हा या विषयावर मत बनवण्याइतके ज्ञान नागरिकांकडे असणे ही लोकशाहीची गरज ठरते.

२. हायड्रोजन : स्रोत नव्हे, वाहक

हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य होय. १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे स्वतंत्र अस्तित्व दाखवून दिले. हा वायू जळाला की पाणी तयार होते, हे लक्षात आल्यावर फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए याने त्याला ‘पाणी निर्माण करणारा’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. १८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाईल यांनी विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले. पुढे १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह याने उलट क्रिया साधली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून त्याने वीज मिळवली. आजच्या इंधन घटाचे, म्हणजे फ्युएल सेलचे, मूळ या प्रयोगात आहे. पवनचक्क्यांच्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन तयार करून तो साठवावा, ही कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२३ मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात मांडली होती. पुढे हेच हाल्डेन भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. थोडक्यात, ही संकल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. नवी आहे ती स्वस्त सौर वीज.

येथे एक मूलभूत भेद समजून घेणे आवश्यक आहे. कोळसा जमिनीतून आणि पेट्रोलियम विहिरीतून काढले जाते. त्यांत ऊर्जा आधीपासून साठलेली असते. पृथ्वीवरील हायड्रोजन मात्र बहुतांशी पाण्यात, नैसर्गिक वायूत आणि वनस्पतींच्या पेशींत इतर मूलद्रव्यांशी बांधलेला आढळतो. त्याला मोकळे करण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते आणि ती खर्च केलेली ऊर्जा पुढे त्याच्याकडून अंशतः परत मिळते. म्हणून हायड्रोजनला ऊर्जेचा स्रोत म्हणण्यापेक्षा ऊर्जेचा वाहक म्हणणे शास्त्रशुद्ध होय. विहीर आणि घागर यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. घागर कितीही चांगली असली तरी तिच्यात पाणी कोठून भरले, हा प्रश्न उरतोच.

आकड्यांत पाहिल्यास ही बाब अधिक स्पष्ट होते. १ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. वजनाच्या मानाने ही ऊर्जा पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे. परंतु पाण्यापासून तो १ किलो मिळवण्यासाठी आजच्या यंत्रांना ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच हायड्रोजन इंधन घटात वापरला तर १६ ते १८ युनिट वीज परत मिळते. वायू दाबून भरण्यासाठी लागणारी वीज यात धरलेली नाही. म्हणजे घातलेल्या विजेचा सुमारे तिसरा हिस्सा हाती येतो. लिथियम बॅटरीत साठवलेली वीज मात्र ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत परत मिळते.

आकारमानाची अडचणही मोठी आहे. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जितकी ऊर्जा असते, तितकी सुमारे साडेपाच किलो हायड्रोजनमध्ये असते. पण साध्या दाबाला एवढ्या हायड्रोजनला ६० घनमीटरांहून अधिक जागा लागते. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी पूर्ण खोली भरेल एवढी ही जागा आहे. म्हणून वाहनांत तो वातावरणाच्या ३५० ते ७०० पट दाबाखाली भरावा लागतो किंवा उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो. दोन्ही मार्ग खर्चिक आहेत.

३. ‘स्वच्छ’ कशाला म्हणावे?

हायड्रोजन हा रंगहीन वायू आहे. तथापि निर्मितीच्या पद्धतीनुसार त्याला रंगांची नावे देण्याचा प्रघात पडला आहे. नैसर्गिक वायूवर वाफेची क्रिया करून मिळवलेला हायड्रोजन ‘करडा’ म्हटला जातो. त्याच पद्धतीत निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून साठवला तर तो ‘निळा’ ठरतो. सौर, पवन यांसारख्या नवीकरणीय विजेने पाण्याचे विद्युत अपघटन करून किंवा जैवभारापासून मिळवलेला हायड्रोजन ‘हरित’ या नावाने ओळखला जातो.

भारतात वर्षाला सुमारे ५० ते ६० लाख टन हायड्रोजन वापरला जातो. तो प्रामुख्याने तेल शुद्धीकरण आणि खत उद्योगांत खर्च होतो आणि जवळजवळ सर्वच करडा असतो. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन तयार करताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशापासून केल्यास हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास असते. २०२३ मध्ये जगात सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन तयार झाला. त्यातील कमी प्रदूषणाच्या पद्धतींचा वाटा १ टक्क्याहूनही कमी होता. आज वापरात असलेला हायड्रोजन सर्वसाधारणपणे स्वच्छ नाही, हे यावरून दिसून येते.

विजेपासून केलेला हायड्रोजन आपोआप स्वच्छ ठरतो, हाही एक गैरसमज आहे. आपल्या भागाला परिचित असे उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातच वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि शेजारच्या चंद्रपूर येथे २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. देशाच्या वीजजाळ्यातील विजेचा मोठा भाग अजून कोळशापासून येतो आणि सरासरीने प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अशी ५० युनिट वीज वापरून १ किलो हायड्रोजन केला तर त्यामागे सुमारे ३५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. ही पद्धत नैसर्गिक वायूच्या जुन्या पद्धतीपेक्षा तिपटीहून अधिक प्रदूषक ठरते. धूर केवळ आर्णीऐवजी चंद्रपूरला निघेल.

या दृष्टीने केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेली व्याख्या महत्त्वाची आहे. तीनुसार १ किलो हायड्रोजनमागे बारा महिन्यांच्या सरासरीने २ किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड अथवा तत्सम हरितगृह वायू निघत नसतील, तरच त्याला हरित हायड्रोजन म्हणता येते. सामान्य नागरिकाने लक्षात ठेवावा असा हा एकच आकडा आहे. ‘हरित’ हे विशेषण जाहिरातीचे नसून मोजमापाचे आहे आणि त्या मोजमापाचा पुरावा मागण्याचा त्याला अधिकार आहे.

४. खताच्या पोत्यातील हायड्रोजन

शेतकऱ्याच्या दृष्टीने हायड्रोजनचा सर्वांत जवळचा उपयोग खतात आहे. हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा उच्च दाबाखाली, लोहयुक्त उत्प्रेरकाच्या साहाय्याने संयोग केला की अमोनिया तयार होतो. फ्रिट्झ हाबर यांनी ही क्रिया शोधली आणि कार्ल बॉश यांनी तिला कारखान्याचे रूप दिले. १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला. महाराष्ट्रात राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे तुर्भे (ट्रॉम्बे) आणि अलिबाग तालुक्यातील थळ येथील कारखाने नैसर्गिक वायू वापरून हेच काम करतात. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही तेथील खतांची नावे विदर्भातील शेतकऱ्यांना चांगली परिचित आहेत.

युरियाचे पोते ४५ किलोचे असते. त्यातील नत्र सुमारे २१ किलो असून ते मिळवण्यासाठी २५ किलो अमोनिया आणि त्यासाठी जवळपास साडेचार किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे कपाशीला युरियाचे एक पोते देणारा शेतकरी अप्रत्यक्षपणे साडेचार किलो हायड्रोजन वापरतो. हा हायड्रोजन ज्या नैसर्गिक वायूपासून येतो, त्याचा मोठा भाग देशाला आयात करावा लागतो. आंतरराष्ट्रीय बाजारात वायू महागला की खताच्या अनुदानाचा बोजा वाढतो. यामुळेच हरित हायड्रोजनचा पहिला उपयोग खत आणि तेल शुद्धीकरण या क्षेत्रांत व्हावा, असा धोरणाचा रोख आहे. २०२५ मध्ये देशातील खत कारखान्यांना वर्षाला ७.२४ लाख टन हरित अमोनिया पुरवण्यासाठी सार्वजनिक निविदा प्रक्रिया राबवण्यात आली.

येथेही एक सूक्ष्म मुद्दा आहे. युरिया तयार करण्यासाठी अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइडही लागतो. सध्या तो नैसर्गिक वायूवरील प्रक्रियेतूनच मिळतो आणि युरिया शेतात विघटित झाल्यावर पुन्हा हवेत जातो. पाण्यापासून हायड्रोजन केल्यास हा कार्बन डायऑक्साइड दुसरीकडून आणावा लागेल. त्यामुळे हरित अमोनिया डीएपी आणि इतर मिश्र खतांत प्रथम वापरणे सोयीचे ठरते. शेतकऱ्याच्या हाती येणारे खत दिसायला तेच असेल आणि पिकाला मिळणारे नत्रही तेच असेल. ‘हायड्रोजन खत’ म्हणून वेगळे, अधिक उत्पन्न देणारे काही विकण्याचा कोणी प्रयत्न केला, तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा. किंमतीतील फरक कोण सोसणार, शासन की शेतकरी, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो शेतकरी संघटनांनी आताच विचारला पाहिजे.

५. पऱ्हाटीपासून हायड्रोजन

कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उरतात. हेक्टरी साधारण २ ते ३ टन, म्हणजे एकरी सुमारे १ टन पऱ्हाटी निघते. काही चुलीत जळते, काही कुंपणाला लागते आणि बरीचशी बांधावर पेटवून दिली जाते. मुंबई येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, विटा आणि इंधनाच्या गोळ्या तयार करण्याच्या पद्धती यापूर्वीच विकसित केल्या आहेत. हायड्रोजन हा त्यापुढचा पर्याय होय.

या दिशेने दोन प्रकारचे संशोधन उल्लेखनीय आहे. पहिला मार्ग सूक्ष्मजीवांचा आहे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि केपीआयटी समूह यांनी शेतीतील अवशेषांपासून सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हायड्रोजन मिळवण्याची पद्धत २०२१ मध्ये जाहीर केली. भात, गहू आणि मका यांच्या मऊ काडाला ती अनुकूल आहे. पऱ्हाटी व तुराटी यांत लिग्निन हा कठीण घटक अधिक असल्याने सूक्ष्मजीवांना त्या सहज पचत नाहीत. अशा काष्ठमय पदार्थांना दुसरा मार्ग, म्हणजे वायुरूपीकरण, अधिक योग्य वाटतो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. दासप्पा आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन व वाफेच्या साहाय्याने जैवभाराचे वायुरूपीकरण करून १ किलो जैवभारापासून सुमारे १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. जैवभारात मुळात ६० ग्रॅमच हायड्रोजन असतो. उरलेला भाग वाफेतून येतो.

या प्रमाणाने ढोबळ गणित मांडले तर एका एकरातील कोरड्या पऱ्हाटीपासून सुमारे १०० किलो हायड्रोजन मिळू शकेल. तत्त्वतः तो २० हून अधिक युरियाच्या पोत्यांना पुरेल. आकडा आकर्षक आहे. परंतु त्यामागे तीन अटी आहेत. पऱ्हाटी हलकी आणि जागा व्यापणारी असल्याने दूरवर वाहून नेणे परवडत नाही. म्हणून संकलन केंद्र गावाजवळ हवे. दुसरे असे की, सर्व अवशेष शेतातून उचलले तर जमिनीचा सेंद्रिय अंश घटतो. तिसरी अट सामाजिक आहे. भूमिहीन मजूर कुटुंबांना आज पऱ्हाटी सरपण म्हणून फुकट मिळते. तिला बाजारभाव आला की त्यांची चूल महाग होईल, याचा विचार योजनेतच करावा लागेल.

याउलट एक जमेची बाजूही आहे. गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणासाठी फरदड घेऊ नये आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे, अशी कृषी विभागाची शिफारस आहे. अनेक शेतकऱ्यांना हा खर्च नकोसा वाटतो. पऱ्हाटीला दोन पैसे मिळाले तर ती वेळेवर निघेल आणि पुढच्या हंगामातील किडीलाही आळा बसेल. ऊर्जा आणि पीकसंरक्षण यांचा असा मेळ कापूस पट्ट्यातच शक्य आहे.

६. पाणी, जमीन आणि वीज यांचा हिशेब

पाण्यापासून हायड्रोजन म्हटले की पाणीटंचाईच्या भागात शंका उपस्थित होते आणि ती योग्यच आहे. रासायनिक हिशेबाने १ किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागते. पाणी शुद्ध करताना होणारा नाश आणि यंत्रे थंड ठेवण्याची गरज धरल्यास प्रत्यक्षात २० ते ३० लिटर लागते. दररोज १० टन हायड्रोजन देणारा प्रकल्प कल्पनेने घेतला तर त्याला रोज २ ते ३ लाख लिटर पाणी लागेल. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने हे साधारण साडेतीन ते साडेपाच हजार लोकांचे दैनंदिन पाणी होय. सिंचनाच्या तुलनेत ही मागणी फार मोठी नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत, टँकरच्या दिवसांत, ती लहानही नाही.

त्याच प्रकल्पाला रोज ५ लाखांहून अधिक युनिट वीज लागेल. १ मेगावॅट सौर प्रकल्प सरासरीने दिवसाला ४,००० ते ४,५०० युनिट देतो, हे धरले तर सुमारे १२० मेगावॅट सौर क्षमता आणि मेगावॅटमागे ४ ते ५ एकर या हिशेबाने ५०० ते ६०० एकर जमीन आवश्यक ठरते. हे आकडे प्रकल्पाच्या बाजूचे अथवा विरुद्ध बाजूचे नाहीत. कोणत्याही ग्रामसभेला कागदावर करता येईल असे हे गणित आहे आणि ते करण्याची सवय लावणे हाच लोकशिक्षणाचा गाभा आहे.

७. कोठे वापरावा, कोठे वापरू नये

ज्या कामाला वीज थेट वापरता येते, तेथे ती थेट वापरणेच शहाणपणाचे असते. शेतपंपासाठी सौर विजेचा हायड्रोजन करून त्यापासून पुन्हा वीज केली तर दोन तृतीयांश वीज वाटेतच जाईल; त्यापेक्षा सौर पंप सरळ चालवावा. दुचाकी, ऑटोरिक्षा आणि लहान मोटारी यांना बॅटरी पुरेशी आहे. घरगुती स्वयंपाकासाठीही विजेची शेगडी अधिक कार्यक्षम ठरते. गुजरातमधील कवास येथे एनटीपीसीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या वसाहतीच्या पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग सुरू केला. परंतु पाइपलाइन नसलेल्या गावांना त्याचा उपयोग नाही.

खत, तेल शुद्धीकरण, पोलाद निर्मिती आणि कदाचित लांब पल्ल्याची जड वाहतूक ही हायड्रोजनची खरी क्षेत्रे दिसतात. वाहतुकीच्या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान लक्षणीय आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी २०२० मध्ये देशी इंधन घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात इंधन घटावरील बसचे अनावरण झाले. मात्र जर्मनीचा अनुभवही ध्यानात घ्यावा. तेथील लोअर सॅक्सनी राज्याने २०१८ मध्ये जगातील पहिली हायड्रोजनवरील प्रवासी रेल्वेगाडी सुरू केली आणि पुढे नव्या गाड्या घेताना खर्चाचा विचार करून बॅटरीवरील गाड्यांना पसंती दिली. तंत्रज्ञान शक्य असणे आणि ते परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. सुरक्षितता : भीती आणि दक्षता

हायड्रोजनच्या धोक्याविषयी दोन टोकाची मते आढळतात. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हे हायड्रोजनने भरलेले वायुयान पेटून ३६ जणांचा मृत्यू झाला. त्या चित्रांमुळे हा वायू म्हणजे बॉम्बच, अशी धारणा झाली. दुसऱ्या बाजूला तो हलका असल्याने उडून जातो, त्यात धोका नाही, असेही सांगितले जाते. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे.

हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. घरगुती गॅससाठी हे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के इतकेच आहे. त्याला पेटवण्यास अत्यल्प ठिणगी पुरते. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. घरगुती गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. इंधन घटात वापरायच्या हायड्रोजनमध्ये तसे मिसळणे अवघड असते, कारण गंधकयुक्त रसायनाने घटातील उत्प्रेरक निकामी होतो. त्यामुळे गळती शोधण्यासाठी नाकावर नव्हे, तर संवेदक यंत्रावर अवलंबून राहावे लागते. दुसरीकडे, घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, तर हायड्रोजन वेगाने वर जातो. उघड्या जागी हा मोठा फायदा आहे. छताखालच्या बंद खोलीत तोच धोका ठरतो. नॉर्वेत ओस्लोजवळ जून २०१९ मध्ये एका हायड्रोजन भरणा केंद्रावर स्फोट झाला. टाकीच्या जोडणीतील बोल्ट नीट आवळले नव्हते, हे त्याचे कारण चौकशीत निष्पन्न झाले. दोष वायूचा कमी आणि जोडणीचा अधिक होता. म्हणूनच कुशल तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाला या क्षेत्रात मोल आहे.

ग्रामीण भागातील सर्वांत निकटचा धोका मात्र फुग्यांचा आहे. गावोगावच्या यात्रा-उरुसांत काही फुगेविक्रेते जुन्या, गंजलेल्या नळकांड्यांत रसायनांपासून हायड्रोजन तयार करतात. अशा नळकांड्यांचे स्फोट होऊन देशात अनेक ठिकाणी बळी गेले आहेत आणि त्यांत मुलांचाही समावेश आहे. हेलियम महाग असल्याने हा प्रकार चालतो. यात्रा समित्या आणि ग्रामपंचायतींनी त्याला मज्जाव करणे, हे हायड्रोजन साक्षरतेचे पहिले प्रत्यक्ष कार्य ठरू शकेल.

९. लोकशिक्षणाचे स्वरूप

वरील विवेचनाच्या आधारे लोकशिक्षणाचे काही मार्ग सुचवता येतात.

शाळा व महाविद्यालये : पाण्याचे विद्युत अपघटन हा प्रयोग ९ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीतील शिशाच्या दोन कांड्या, दोन परीक्षानळ्या आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी यांच्या साहाय्याने करता येतो. एका नळीत दुसरीच्या दुप्पट वायू जमतो आणि पाण्यातील हायड्रोजन-ऑक्सिजनचे प्रमाण विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसते. यात मीठ वापरू नये, कारण त्यामुळे क्लोरीन हा विषारी वायू निघतो. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, हवेशीर जागी आणि लहान प्रमाणातच करावा. वायू फुग्यात अथवा बाटलीत साठवू नये. बॅटरीच्या जागी लहान सौर पट्टी जोडली की ‘हरित’ या शब्दाचा अर्थ व्याख्यानाशिवाय समजतो.

शेतकरी मेळावे व कृषी सेवा केंद्रे : खताच्या पोत्यापासून सुरुवात करून अमोनिया, नैसर्गिक वायू, आयात आणि अनुदान असा क्रम समजावून सांगावा. पऱ्हाटीचे मूल्य, तिची वेळेवर काढणी आणि बोंडअळी यांचा संबंध जोडावा.

भाषा : सूचना मराठीत तर असाव्यातच; शिवाय बंजारा, कोलाम व गोंड वस्त्यांत त्यांच्या बोलीत बोलणारा कार्यकर्ता असावा. बारीक छपाईपेक्षा चित्र आणि प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक ठरते, हे २०१७ च्या अनुभवाने शिकवले आहे.

तांत्रिक प्रशिक्षण : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत उच्च दाबाच्या नळजोडणीचे, गळती शोधण्याचे आणि संवेदकांच्या देखभालीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू झाल्यास ग्रामीण युवकांना या क्षेत्रात प्रवेश मिळेल.

फसव्या दाव्यांपासून सावधानता : ‘पाण्यावर चालणारी मोटारसायकल’, ‘इंधन निम्म्यावर आणणारा हायड्रोजन संच’ अशा जाहिराती अधूनमधून येतात. वाहनाच्याच बॅटरीने पाणी फोडायचे आणि मिळालेल्या वायूने वाहन चालवायचे, यात खर्च होणारी ऊर्जा मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमीच अधिक असते. पाणी हे हायड्रोजन जळून उरलेले द्रव्य आहे. ज्याप्रमाणे राखेपासून चूल पेटत नाही, त्याप्रमाणे पाण्यापासून ऊर्जा मिळत नाही. एवढे एक वाक्य गावात रुजले तरी अनेकांचे पैसे वाचतील.

ग्रामसभेतील प्रश्नावली : परिसरात कोणताही हायड्रोजन प्रकल्प प्रस्तावित झाल्यास पुढील सहा प्रश्न विचारावेत. हायड्रोजन कशापासून करणार? वीज कोठून येणार, विशेषतः सूर्यास्तानंतर? पाणी किती, कोठून आणि उन्हाळ्यात काय व्यवस्था? जमीन कोणाची आणि कोणत्या मोबदल्यात? तयार झालेला वायू कोण वापरणार? आणि गळती अथवा आग झाल्यास सर्वांत जवळचे प्रशिक्षित अग्निशमन पथक किती मिनिटांत पोचणार?

१०. निष्कर्ष

१) हायड्रोजन हा ऊर्जेचा वाहक आहे. त्याची स्वच्छता निर्मितीच्या पद्धतीवर आणि वापरलेल्या विजेवर अवलंबून असते.

२) आर्णीसारख्या भागात हरित हायड्रोजन वाहनांतून अथवा स्वयंपाकघरातून येण्यापेक्षा खताच्या मार्गाने येण्याची शक्यता अधिक आहे.

३) पऱ्हाटीपासून हायड्रोजन ही कापूस पट्ट्यासाठी विचारार्ह शक्यता आहे, मात्र वाहतूक, जमिनीचा कस आणि भूमिहीनांचे सरपण या तिन्ही बाबींचा विचार आधी व्हावा.

४) पाणी आणि जमीन यांची गरज मर्यादित असली तरी ती स्थानिक परिस्थितीनुसार मोजूनच मान्य करावी.

५) सुरक्षिततेचे ज्ञान तंत्रज्ञानाच्या आधी पोचले पाहिजे.

हायड्रोजनविषयी लोकांना उत्साहित करणे सोपे आहे आणि घाबरवणेही सोपे आहे. या दोन्हींपेक्षा त्यांना हिशेब करायला शिकवणे अधिक कष्टाचे काम आहे. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणक्षमता तपासून पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब अवघड नाही. तो त्याच्या भाषेत मांडण्याची जबाबदारी शाळा, महाविद्यालये आणि विज्ञानाच्या अभ्यासकांची आहे.